इन्टू द ब्रीच खेळणारे कोणी आहेत का इथे? तुम्ही चाल कशी ठरवता?

धरमपेठी (धागाकर्ता)

मागच्या मे महिन्यात भाचा सुट्टीत घरी आला होता. बाहेर ४५ अंश, दुपारभर कूलरसमोरून उठवत नाही. तेव्हा त्याने माझ्या लॅपटॉपवर हा गेम टाकून दिला आणि चार दिवसांनी तो पुण्याला परत गेला. मी मात्र अजून खेळून राहिलो आहे. मराठीत यावर कुठे नीट चर्चा सापडली नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सबसेट गेम्स या दोन माणसांनी सुरू केलेल्या छोट्या स्टुडिओचा हा गेम. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॉम्प्युटरवर आला, त्याच वर्षी स्विचवर, आणि जुलै २०२२ मध्ये नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी फोनवर. त्याच वेळी ॲडव्हान्स्ड एडिशन नावाची मोठी भर फुकट मिळाली. पट ८ बाय ८ चा, बुद्धिबळासारखाच. तुमच्याकडे तीन मोठे यंत्रमानव, त्यांना मेक म्हणतात. जमिनीतून वेक नावाचे किडे निघतात आणि शहरातल्या इमारतींवर हल्ला करतात. इमारतीला मार बसला की पॉवर ग्रिड कमी होते. ग्रिड शून्य झाली की खेळ संपला. डाव बेटाबेटाने पुढे जातो, आणि प्रत्येक बेटावर अशा छोट्या मोहिमा असतात.

या गेमची खरी गंमत अशी की किडे आधी सांगतात. आपली चाल सुरू होण्याआधी प्रत्येक वेक पटाच्या कुठल्या घरावर, म्हणजे चौकोनावर, मारणार ते दिसतं. मग आपण हलायचं, मग ते मारणार. लपवाछपवी जवळजवळ नाहीच.

पहिले पंधरा-वीस डाव मी दुसऱ्या बेटाच्या पुढे गेलो नाही. कारण शोधायला वेळ लागला. मी प्रत्येक चालीला स्वतःला विचारत होतो, "यातला कोणता किडा मरतो?" विचारायला हवं होतं, "यातला कोणता मार चुकवता येतो?" हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरं बहुतेक वेळा वेगळी निघतात.

एक खरी स्थिती सांगतो. मी वहीत काढून ठेवली आहे. पहिला आकडा आडव्या ओळीचा, खालून वर. दुसरा त्या ओळीतल्या घराचा, डावीकडून.

फायरफ्लाय ४-७ वर, डावीकडे थुंकणार. तिची थुंकी सरळ रेषेत जाते आणि पहिल्या अडथळ्याला लागते. तो अडथळा म्हणजे ४-३ वरची इमारत, मधली घरं रिकामी. स्कॉर्पियन ५-५ वर, शेजारच्या ५-४ वरच्या इमारतीला नांगी मारणार. तिसरा हॉर्नेट २-२ वर, त्याचा निशाणा २-१ वरची इमारत. आणि ७-२ वर जमीन फाटते आहे, म्हणजे चालीच्या शेवटी तिथून नवीन किडा निघणार.

माझ्याकडे सुरुवातीचीच टोळी होती, रिफ्ट वॉकर्स. कॉम्बॅट मेकचा ठोसा २ डॅमेज देतो आणि ढकलतो. कॅनन मेकचा गोळा १ डॅमेज देतो आणि ढकलतो. आर्टिलरी मेक लांबून गोळा टाकतो: मधल्या घराला १ डॅमेज, आणि आजूबाजूच्या चार घरांतलं जे असेल ते बाहेर ढकललं जातं.

स्कॉर्पियनची हेल्थ ३. ठोसा २, गोळा १, हिशेब बरोबर जुळला, स्कॉर्पियन मेला. मला फार आनंद झाला. आर्टिलरीने हॉर्नेटवर थेट गोळा टाकला, तो एका हेल्थवर आला. मग किड्यांची पाळी. फायरफ्लायने एक इमारत पाडली, हॉर्नेटने दुसरी. एक किडा मारून मी दोन इमारती गमावल्या.

नंतर तीच स्थिती वहीवर मांडून बसलो. कॅनन मेक ८-५ वर नेऊन खाली गोळा मारला तर स्कॉर्पियन ५-५ वरून ४-५ वर ढकलला जातो. त्याचा निशाणा त्याच्यासोबत सरकतो, म्हणजे आता तो ४-४ वर नांगी मारेल, आणि ते घर रिकामं आहे. आणि तो स्वतः आता फायरफ्लायच्या रेषेत उभा आहे! तिची थुंकी ४-३ पर्यंत पोचतच नाही, स्कॉर्पियनला लागते. एका गोळ्यात दोन हल्ले गेले. कॉम्बॅट मेक मोकळा राहिला, त्याने हॉर्नेटला ठोसा दिला. हॉर्नेटची हेल्थ २, तो तिथेच संपला. आर्टिलरी ७-२ वर जाऊन उभा राहिला, खालून येणारा किडा अडला, मेकला १ डॅमेज बसला. ग्रिड जशीच्या तशी.

त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो. तेव्हापासून मी क्रम ठरवला. आधी प्रत्येक निशाण्यावर काय आहे ते बघायचं. ज्याचा निशाणा रिकाम्या घरावर आहे तो किडा कितीही मोठा असो, या चालीपुरता त्याला विसरायचं. मग उरलेल्यांपैकी कोणाला कोणाच्या रेषेत ढकलता येतं ते शोधायचं. मारायचा विचार सगळ्यात शेवटी.

तुमचं कसं? वेगळं करत असाल तर जरूर लिहा.


हत्तीघोडा

उत्तम धागा. मी हा गेम दोन वर्षांपासून खेळतो, आणि मुलांना बुद्धिबळ शिकवतो. दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीहून महिला विश्वचषक घेऊन आली त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या पोट्ट्यांना मी एकच गोष्ट सांगतो: चाल सुचली की हात पटावर नेऊ नका, आधी अजून दोन चाली शोधा. तुमची वहीवरची गोष्ट वाचून तेच आठवलं. ठोसा अधिक गोळा बरोबर तीन, ही पहिली सुचलेली चाल होती. ती चूक नव्हती, पण ती पहिली होती म्हणून खेळली गेली.

एक फरक मात्र सांगावासा वाटतो. हंपीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये लागला, जिथे घड्याळ माणसाच्या मानेवर बसतं. या गेमला घड्याळच नाही. एका चालीला अर्धा तास लावा, कोणी विचारणार नाही. मी पाहतो की लोक तरीही घाईने खेळतात, बाकीच्या गेमांनी तशी सवय लावली आहे.

आणि अनडू वापरा. मेक हलवला आणि अजून हत्यार चालवलं नसेल तर हलवणं परत घेता येतं, कितीही वेळा. मेक नेऊन उभा करा, हत्यारावर बोट ठेवून काय होणार ते पाहा, नाही आवडलं तर परत आणा. याला फसवणूक समजू नये, गेमने ते मुद्दाम दिलं आहे.


वाडीचा बंडू

भाऊ तुमचं सगळं पटलं, पण मी वेगळं म्हणून राहिलो. तुम्ही किडे जिवंत ठेवता. पुढच्या टर्नले ते पुन्हा मारतीलच ना? वरून नवीन निघतील. मग एका टर्नले चार-चार निशाणे होतात आन् आपल्याजवळ मेक तीनच. हार्डवर मले असंच होते. म्हणून मी तं जो मरते त्याले मारतो.


धरमपेठी

बंडूभाऊ, मुद्दा बरोबर आहे. पण मोहीम किडे संपेपर्यंत चालत नाही. चार-पाच चाली झाल्या की उरलेले किडे आपोआप जमिनीत पळतात. शेवटच्या चालीत तर कोणालाही मारायची गरज नसते, फक्त तेवढा एक हल्ला चुकवायचा. सुरुवातीच्या दोन चालींत मारणं फायद्याचं, कारण तो किडा पुढच्या तीन चाली तुम्हाला त्रास देणार होता. जसजसं शेवटाकडे जाल तसतसं मारण्याची किंमत कमी होते. हे मी वरच्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

माझ्या स्थितीत ढकललेला स्कॉर्पियनही काही धडधाकट राहिला नाही. गोळ्याचा १ आणि फायरफ्लायचा १, तो एका हेल्थवर आला. किड्यांनी किड्यांना मारलेलं आपल्याला फुकट पडतं.


मधुमालती

मला बंडूदादांचं थोडं पटतं. एक किडा असा आहे की तो दिसला की मी बाकी सगळं बाजूला ठेवते: सायऑन. तो स्वतः हल्ला करत नाही म्हणून नवीन माणूस त्याच्याकडे बघत नाही. पण तो असेपर्यंत बाकी सगळ्या किड्यांना काही ना काही मिळत राहतं. एका जातीने सगळ्यांची हेल्थ १ ने वाढते, एका जातीने ते दर चालीला भरून येतात, एकाने अंगावर कवच येतं, आणि एका जातीत मेलेला किडा फुटून शेजारच्यांना मारतो. धरमपेठी दादा, तुमचा "निशाणा रिकामा तर विसरा" हा नियम इथे लागू करू नका. सायऑनची हेल्थ मुळात २ च असते, पहिल्या दोन चालींत त्याला संपवावं.

मी रस्टिंग हल्क्स घेऊन खेळते. धुराची टोळी. धुरात उभा असलेला वेक हल्ला करूच शकत नाही, त्याचा निशाणा गळून पडतो. त्यांच्या एका मेकमुळे धुरात वीजही खेळते, दर चालीला १ डॅमेज, आणि ती वीज किड्यांच्या हल्ल्याच्या आधी पडते. त्यामुळे ढकलायला जागा नसली तरी मार्ग निघतो. मात्र आपला मेक धुरात गेला तर त्याचंही हत्यार बंद पडतं. पहिल्या आठवड्यात मी स्वतःच्याच धुरात दोनदा अडकले आणि तो डाव तिथे गेला.

क्रमाबद्दलही लिहून ठेवते, कारण माझे निम्मे डाव तो कळल्यावर सुधारले. आपण चाल संपवली की आधी आग जाळते, मग वीज आणि बेटावरची संकटं, मग किडे हल्ला करतात, आणि नवीन किडे अगदी शेवटी निघतात. म्हणजे पहिल्या बेटावर विमानं ज्या घरांवर बॉम्ब टाकणार ती घरं आधीच खुणावलेली असतात. किड्याला त्या घरात ढकलला की तो हल्ला करायच्या आधीच मरतो. एका धक्क्यात मारणं आणि वाचवणं, दोन्ही. बंडूदादांना हे आवडेल.


वाडीचा बंडू

ताई हे तं माहीतच नव्हतं ना! मी त्या खुणावलेल्या घरांपासून फक्त माह्ये मेक दूर ठेवत होतो. आज रात्री करून पाहतो.


हत्तीघोडा

पाण्याचंही तसंच. न उडणारा साधा किडा पाण्यात ढकलला की बुडाला, हेल्थ कितीही असो. आपले मेक वजनदार, ते बुडत नाहीत, पण पाण्यात उभं राहून हत्यार चालत नाही. दरी मात्र वेगळी. दरीत न उडणारा मेकही जातो, आणि त्याच्यासोबत पायलटही.

पायलटवर थोडं लिहितो. मेकची हेल्थ हा खर्चायचा पैसा आहे असं मी मानतो. मोहीम संपली की सगळे मेक पूर्ण दुरुस्त होऊन येतात, इमारत मात्र परत येत नाही. म्हणून दुसरा उपाय नसेल तेव्हा मेकला इमारतीसमोर उभं करून मार खाऊ देणं हा चांगला सौदा आहे. हा सौदा शेवटच्या एका हेल्थपर्यंतच करायचा. शून्यावर गेला की पायलट मरतो, त्याने मिळवलेला सगळा अनुभव जातो. मेक पुढच्या मोहिमेत परत मिळतो, माणूस नाही.


खापरीकर

मी नवीन आहे. फोनवर खेळतो, सकाळी मेट्रोत खापरी ते सीताबर्डी आणि संध्याकाळी परत. धागा दोनदा वाचला. आत्ता एक डाव अर्धवट सोडून ऑफिसला उतरलो, त्यात मदत हवी आहे. चाल संपवलेली नाही.

मोहिमेची शेवटची चाल. ग्रिड १ उरली आहे, म्हणजे एकही इमारत गेली तर सगळं गेलं. टोळी रिफ्ट वॉकर्सच. कॅनन मेक आधीच्या चालीत पडला. कॉम्बॅट मेक १-१ ला कोपऱ्यात, हेल्थ १. आर्टिलरी ४-४ ला, हेल्थ पूर्ण २.

बीटल ३-८ वर, डावीकडे धावत जाऊन ३-२ वरच्या इमारतीला धडकणार, मधे काही नाही. स्कॅरब ६-६ वर, तो लांबून गोळा टाकतो, निशाणा ६-३ वरची इमारत. अजून एक इमारत ५-३ वर आहे. रिसेट टर्न, म्हणजे अख्खी चाल परत घ्यायची सोय, आधीच वापरून झाली.

आर्टिलरीने एकाला थांबवलं तर दुसरा मारतो. कॉम्बॅट मेक तीन घरं चालतो, तो कुठेच पोचत नाही. ग्रिड डिफेन्स, म्हणजे मार बसूनही इमारत वाचण्याची शक्यता, १५ टक्के दाखवतो आहे, त्याच्या भरवशावर सोडू का?


वाडीचा बंडू

१५ टक्क्याच्या भरवशावर नको सोडू बावा. स्कॅरबले खाली ढकल, आन् बीटलसमोर कोणाले तरी उभं कर.


मधुमालती

खाली नको! स्कॅरब ५-६ वर गेला की त्याचा निशाणा ५-३ वर येतो, तिथे दुसरी इमारत आहे. डावीकडे किंवा उजवीकडे ढकला. डावीकडे गेला तर निशाणा ६-२, उजवीकडे गेला तर ६-४. खापरीकर, ती दोन्ही घरं रिकामी आहेत का?


खापरीकर

हो ताई, दोन्ही रिकामी. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा उघडून पाहिलं.


धरमपेठी

मग सुटतं. तुम्ही "आर्टिलरीने एकाला थांबवलं तर" असं लिहिलं आहे. मेककडे दोन गोष्टी असतात, उभं राहण्याची जागा आणि हत्यार. दोन्हींचा वेगळा हिशेब करा.

आर्टिलरीला ४-४ वरून ३-५ वर न्या, दोनच घरं आहेत. तो आता बीटलच्या वाटेत आहे, बीटल त्याला धडकेल, इमारतीपर्यंत जाणार नाही. १ डॅमेज आणि एक घर मागे, म्हणजे ३-४ वर जाईल, हेल्थ १ उरेल. पायलट वाचतो.

आता हत्यार. ३-५ वरून सरळ वर त्याच उभ्या ओळीत ६-५ आहे. त्या रिकाम्या घरात गोळा टाका, स्कॅरबवर नाही. स्कॅरब शेजारी ६-६ वर आहे, तो उजवीकडे ६-७ ला ढकलला जाईल, निशाणा ६-४ वर सरकेल. ६-५ च्या बाकी शेजारच्या घरांत, म्हणजे ५-५, ७-५ आणि ६-४ वर, काही नाही ना ते एकदा बघून घ्या.


हत्तीघोडा

मी पाच मिनिटं दुसरा मार्ग शोधत होतो. ६-७ वर गोळा टाकून स्कॅरबला डावीकडे ढकलणंही चालतं, पण त्यासाठी बीटलच्या ओळीत ३-७ वर उभं राहावं लागेल. ४-४ वरून ते चार घरं लांब आहे, आर्टिलरी तीनच चालतो. म्हणजे तो मार्ग बंद, ३-५ च बरी. सुंदर स्थिती आहे, मुलांना फळ्यावर काढून दाखवतो.

कॉम्बॅट मेक जिथे आहे तिथेच राहू द्या. त्याला बीटलच्या ओळीत कुठेही आणू नका, एका हेल्थवर आहे.


वाडीचा बंडू

काल रात्री सायऑनले दुसऱ्याच टर्नले संपवला, आन् एक बीटल विमानाच्या बॉम्बखाली ढकलला. चार हेल्थचा बीटल, माह्या एका गोळ्याने गेला. ताई, धन्यवाद.


खापरीकर

संध्याकाळच्या मेट्रोत बसल्या बसल्या केलं. ५-५, ७-५, ६-४ तिन्ही रिकामी होती. आर्टिलरी ३-५ ला नेला, अनडू करून परत आणला, पुन्हा नेला, गोळा ६-५ वर टाकला. स्कॅरब सरकला. चाल संपवायचं बटण दाबलं तेव्हा उज्ज्वल नगर आलं होतं.

बीटल धडकला, मेक एक घर मागे गेला, हेल्थ १. स्कॅरबचा गोळा ६-४ वर मातीत पडला. दोन्ही किडे जमिनीत गेले. ग्रिड १.

आता बेटावरच्या दोन मोहिमा बाकी आहेत. एकीत टाइम पॉड, म्हणजे बक्षिसाचा डबा, पडणार आहे, दुसरी पूर्ण केली तर ग्रिड वाढते. एका ग्रिडवर आधी कोणती घेऊ?


मधुमालती

ग्रिडवाली. पॉडमागे धावायला एक मेक सारखा अडकून पडतो, आणि सध्या तुम्हाला तिन्ही मेक इमारतींजवळ हवे आहेत. स्थिती अडली तर इथेच टाका, मी रात्री बघते.